दुसऱ्या बाजूचा अँगल

धुळ्यात पारोळा रोडला ‘अभिमन मोटार बॉडी’ असा पत्र्याचा बोर्ड आहे. बोर्डावरचे अभिमन म्हणजे अभिमन नाना बोरसे. वय सहासष्ट, धंद्यानं गाड्यांचा पत्रा ठोकणारे डेंटर, आणि लोक म्हणतात त्याप्रमाणे स्वभावानं भित्रे. डॉक्टरनं दंडाला पट्टा गुंडाळला की नुसत्या पट्ट्यानंच नानांचं प्रेशर वीसनं चढतं. बायको धुरपदाबाई गॅसवर दूध ठेवून शेजारी गेल्या, तर दूध उतू जाण्यापासून घर पेटण्यापर्यंतचा सगळा विचार नाना तिथल्या तिथे उरकून घेतात. समोरच्या टपरीवर चहाला जायचं तर रस्ता ओलांडायला मुलाचा, किरणचा, हात धरतात. सहासष्टाव्या वर्षी हे चालून जातं. पण नाना चाळिशीतसुद्धा असेच होते, असं जुनी माणसं सांगतात.

भित्यापाठी ब्रह्मराक्षस असतो म्हणे. नानांनी त्या ब्रह्मराक्षसाला कामाला लावलं होतं. जुनी गाडी घ्यायची असली की धुळ्यातला माणूस आधी नानांना घेऊन जायचा. साक्री, पिंपळनेरहूनही लोक यायचे. घेणाऱ्याचं गाडीवर मन बसलेलं असतं, त्याला रंग दिसतो, हॉर्न ऐकू येतो. नानांना दिसायचं ते ही गाडी कुठे आणि कशी दगा देईल एवढंच. बोटाच्या पेरानं पत्रा वाजवत ते गाडीभोवती फिरायचे. खिशातलं लोहचुंबक जिथे चिकटलं नाही तिथे पुट्टी भरलीय हे ओळखायचे. शेवटी दोन जाडजूड माणसं मागच्या सीटवर बसवायची आणि दार उघडून, लावून बघायचं. सांगाडा खचलेला असला की वजनानं दार घासतं. ज्यांना नानांनी ‘घे’ म्हटलं ते आजवर फसले नव्हते, आणि ‘घेऊ नको’ म्हटल्यावर ज्यांनी घेतली ते पुढे नानांकडेच पत्रा ठोकायला आले होते.

भाव सांगायची रीतही त्यांची निराळी होती. त्यांचे वडील सुपडू आबा बैलबाजारात दलाल. तिथे भाव तोंडानं बोलत नसत. दोघांच्या हातांवर उपरणं टाकायचं आणि त्याखाली बोटं दाबायची. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी सौदा दोघांतच राहायचा. नानांनी तीच रीत गाड्यांना लावली. खांद्यावरचा टॉवेल गिऱ्हाइकाच्या हातावर टाकायचा. एक बोट म्हणजे एक लाख, अर्धं मुडपलं तर पन्नास हजार. पुरी मूठ दिली तर घेऊ नको. आबांचा आणखी एक नियम होता. बैलाला नुसतं नको म्हणायचं नाही, त्याची खोड तिथेच बोट ठेवून दाखवायची. नाहीतर तो बैल पुढच्या गरिबाच्या गळ्यात पडतो आणि त्याचं पाप दलालाच्या माथी येतं.

गेल्या जानेवारीत रावेरहून योगराजचा फोन आला. योगराज केळीवाला, चाळीस एकराचा धनी, बोलायला मऊ. काही वर्षांपूर्वी पुराच्या पाण्यात बुडून निघालेली एक चकचकीत जीप तो घेणार होता. नानांनी सीटखालचं चिमूटभर वाळलेला गाळ काढून त्याच्या तळहातावर ठेवला होता, तेव्हापासून योगराजच्या घरात नानांचा शब्द म्हणजे पंचांगातला मुहूर्त.

“नाना, मयुरीचं लगन काढलं फेब्रुवारीत,” योगराज म्हणाला. “जळगावले एक उघडी गाडी आली विकाले. टपाची नाई, कापडाची घडी व्हते ती. छप्पन्नचं मॉडेल हाये म्हने. वरातीत पोरगी आपल्याच गाडीत बसवू, मंग लग्नसराईत भाड्यानं देऊ. अकरा लाख मांगतो. तुमी सांगसान तो भाव.”

नानांनी फोन कानाला धरून नुसतं हं म्हटलं. ती उघडी गाडी कोणत्या कंपनीची, हे मात्र विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी योगराज धुळ्याला आला आणि नानांना घेऊन निघाला. पारोळा गेलं, एरंडोल गेलं. योगराज वाटभर मयुरीबद्दल बोलत होता. पोरीनं गाडीचा फोटो आधीच मैत्रिणींना पाठवला होता, कुठल्या रंगाची फुलं लावायची तेही ठरवून ठेवलं होतं. नाना ऐकत होते आणि समोरच्या ट्रकपासून गाडी लांब ठेव म्हणून मधूनमधून सांगत होते.

जळगावात अजिंठा रोडला हितेंद्रचं शेड होतं. हितेंद्र जुन्या गाड्यांचा व्यापारी, चाळिशीचा, पायात पांढरे बूट. त्यानं गाडीवरची ताडपत्री ओढली आणि योगराजच्या तोंडून आपोआप “वा” निघालं. मलईच्या रंगाची लांब विलायती हिलमन, आत लाल सीटा, मागे नीट घडी घातलेलं काळं कापडी छत. काचेत तोंड दिसेल असा पत्रा.

“या कंपनीच्या बंद गाड्याही आल्या आणि उघड्याही,” हितेंद्र म्हणाला. “उघड्या फार थोड्या. बंद असती तर तीन लाखांत दिली असती, नाना, तुम्हाला काय सांगायचं.”

त्यात खोटं काही नव्हतं. उघड्या गाडीला पत्र्याचा टप नसतो, म्हणजे वरून धरून ठेवणारं काहीच नाही. सगळी ताकद खालून लागते, म्हणून कंपनी तिच्या तळाला दोन्ही दारांखाली जाड लोखंड घालून पाठवायची. बंद गाडीचा टप कापून कुणी तिला उघडी केली, तर ती दिसायला तशीच दिसते आणि भर रस्त्यात मधोमध वाकू शकते. अकरा लाख की तीन, हे सगळं त्या दाराखालच्या हातभर लोखंडावर होतं.

नानांनी कागद मागितले. आरसी बुकात बॉडीच्या रकान्यावर नेमका शाईचा डाग होता. त्यांनी पत्रा वाजवला. पुढचं मडगार्ड चांगलं, बॉनेट चांगलं. डावं दार उघडलं, लावलं, लोण्यासारखं. उजवं दार उघडेना.

“लॉकचा पार्ट मुंबईहून यायचाय,” हितेंद्र म्हणाला.

योगराज आणि शेडमधला एक जाडा कामगार मागे बसले. डावं दार पुन्हा उघडलं, पुन्हा लागलं. योगराजनं आतूनच नानांकडे बघून हसून मान हलवली. नाना डाव्या बाजूला उकिडवे बसले आणि दाराखाली हात घालून बोटं मागेपुढे फिरवू लागले. पत्र्याच्या आत जाड लोखंडी अँगल लागला, त्यावर वेल्डिंगचा सांधा. सांध्यावरून बोट सरकत सरकत शेवटाला आलं आणि तिथेच थांबलं.

सांधा संपला होता तिथून अर्धा इंच उलटा फिरला होता.

नानांनी बोट काढून घेतलं आणि पुन्हा लावलं. त्यांच्या उस्तादानं त्यांना शिकवलं होतं की टाका जिथे संपतो तिथून अर्धा इंच मागे यायचं, म्हणजे शेवटाला तडा जात नाही. धुळ्यात असं करणारा उस्ताद एकच होता, आणि त्याच्या हाताखालून निघालेला चेलाही एकच. नानांच्या मानेवर घाम आला.

सत्त्याण्णव सालच्या वैशाखात त्यांनीच ही गाडी कापली होती. मगन बँडवाल्याला वरातीसाठी उघडी गाडी हवी होती आणि त्याच्याकडे ही बंद हिलमन पडून होती. तेव्हाचा अभिमन अडतीस वर्षांचा, अंगात रग, कुणाच्या बापाला न भिणारा. करवतीनं टप उतरवला, डाव्या दाराखाली अँगल घातला, सांधला. उजव्या बाजूचा अँगल कापून तयार ठेवला होता. तेवढ्यात मगन सगळ्या बँडवाल्यांना घेऊन दारात आला. उद्या लग्न आहे, आत्ता गाडी दे, लग्न लागलं की परत आणतो. अभिमननं उजव्या बाजूला नुसता पत्रा मारला, वरून काळं फासलं आणि गाडी दिली. मगननं ती परत आणली नाही. पुढच्या वर्षी ती इंदूरकडे विकून टाकली, आणि तो कापून ठेवलेला अँगल कितीतरी वर्षं गॅरेजच्या कोपऱ्यात उभा होता.

माणूस भित्रा जन्मत नाही. नानांना भीती तेव्हापासून लागली. पेपरात वरातीची गाडी उलटल्याची बातमी आली की आधी गाडी कोणती ते वाचायचे आणि मग माणसं किती ते. दुसऱ्यांच्या गाड्यांत ते जी खोड डोळ्यांत तेल घालून शोधायचे ती मुळात त्यांचीच होती, आणि याचा पत्ता धुरपदाबाईंनासुद्धा नव्हता.

मधे कुणीतरी दुसरी बाजू भरली असेल. अठ्ठावीस वर्षं झाली, कुणीतरी घातला असेल अँगल. या आशेवर नाना पोतं अंथरून गाडीखाली शिरले. उजव्या बाजूला डांबरासारखा काळा थर होता. त्यांनी स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि जरासा जोर दिला. तो मुठीपर्यंत आत गेला. लोखंड लागलंच नाही. गंजलेल्या पत्र्याचा भुसा त्यांच्या तोंडावर पडला.

गाडीखाली झोपल्या झोपल्या त्यांना मयुरी दिसली, मागच्या लाल सीटवर फुलांत बसलेली. तिच्या शेजारी नवरा, पुढे बँड, आणि रावेरच्या रस्त्यावरचा तो पहिला मोठा खड्डा. किती वेळ ते तसेच पडून राहिले कोण जाणे.

“काय नाना, झोपले का?” हितेंद्र वाकून म्हणाला. “डाव्या बाजूचं वेल्डिंग बघितलं ना? असलं काम आपल्याकडच्या गॅरेजात होतं का कुठे? कंपनीचंच आहे ते. मी त्याच्यावरूनच गाडी घेतली.”

“खरं हाये,” योगराजनंही वाकून बघत म्हटलं. “हात लई साफ हाये.”

आयुष्यात आपल्या कामाची एवढी तारीफ नानांनी कधी ऐकली नव्हती, आणि ऐकली तेव्हा तोंडावर गंज होता.

ते बाहेर आले, तोंड पुसलं. योगराजनं अपेक्षेनं हात पुढे केला. नानांनी टॉवेल टाकला आणि त्याखाली त्याच्या तळहातावर मूठ ठेवली. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. या मुठीत अठ्ठावीस वर्षं होती. योगराजचा चेहरा पोरासारखा उतरला. तो गाडीकडे बघत राहिला, मग नानांकडे. का म्हणून त्यानं विचारलं नाही. नानांनी सांगितलं नाही.

“सोडी दे भाऊ,” नाना एवढंच म्हणाले. “हाई गाडी आपली नही.”

“तुमी म्हनता तर सोडली,” योगराज म्हणाला.

नानांच्या छातीवरचा दगड हलला. मयुरी वाचली, नाव वाचलं, किरणच्या गॅरेजवरचा बोर्ड वाचला. ते भराभर योगराजच्या गाडीकडे चालू लागले. मागे हितेंद्र फोनवर बोलत होता, आवाज न लपवता.

“जीवरामभाऊ, पार्टी गेली. या तुम्ही. हो, एरंडोलपर्यंत आलाच आहात तर या. तुमच्या फेब्रुवारी-मार्चच्या तारखा किती म्हणालात? बावीस? एकाच सीझनमध्ये गाडी फिटली समजा.”

नाना गाडीत बसले, पट्टा लावला. योगराज बाहेर उभा राहून मयुरीशी फोनवर बोलत होता, तिची समजूत घालत होता. बावीस. बावीस नवऱ्या, बावीस नवरे, आणि शेजारी चढवलेली कुणाकुणाची लहान पोरं. आपल्याला काय करायचंय, असं त्यांनी मनात म्हणून बघितलं. मग आपण गेल्यावर किरण खाली मान घालून गिऱ्हाइकांना उत्तरं देतोय, हे बघितलं. मग पुन्हा बावीस. योगराज आत येऊन बसला आणि त्यानं किल्ली फिरवली.

“थांब रे,” नाना म्हणाले. “माले पानी पेवानं शे.”

बाटली त्यांच्या पायाशीच होती. योगराजनं ती उचलून दिली. नानांनी प्यायल्यासारखं केलं आणि बसून राहिले. चल म्हणता येईना आणि उतरताही येईना. योगराजला वाटलं नानांचं प्रेशर वाढलंय. त्यानं किल्ली काढली, काच खाली केली आणि वाट बघत बसला. असा अर्ध्या तासावर वेळ गेला. मग एक पांढरी गाडी शेडसमोर येऊन थांबली.

तिच्यातून जीवराम उतरला, धरणगावचा बँडवाला, पोट सुटलेला, कपाळाला गंध. बरोबर त्याची सून दिपमाला. बँडचं बुकिंग आता तीच बघायची, गिऱ्हाइकांना व्हिडिओ पाठवायची. तिनं उतरतानाच फोन बाहेर काढला. हितेंद्रनं ताडपत्री पुन्हा एकदा त्याच झोकात ओढली. दिपमालाच्या तोंडूनही “वा” निघालं, आणि ते ऐकून नानांनी पट्टा सोडला.

जीवराम खिशातून चेकबुक काढत होता, त्याच्या आणि गाडीच्या मधे नाना जाऊन उभे राहिले.

“भाऊ, हाई गाडी लेवू नका,” ते म्हणाले. “हाई कापेल गाडी शे. उजवी बाजूले लोखंड नही.”

जीवरामनं त्यांना पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. “तुम्ही कोन शेतस?”

“आधीच्या पार्टीची माणसं आहेत,” हितेंद्र शांतपणे म्हणाला. “यांना भाव पटला नाही. आता तुमचं मोडलं की संध्याकाळी फोन करतील, पाचात देता का म्हणून. रोजचं आहे आमचं.”

“भाव पाडाना कितला पैसा लिधात, बाबा?” जीवराम हसला.

नानांना वाटलं, झालं. आपण सांगितलं, त्यांनी ऐकलं नाही, आपलं काम संपलं. आता परत जावं. मागे वळले तर योगराज पाच पावलांवर उभा होता. नाना पुन्हा फिरले. डाव्या दाराशी गेले, जीवरामचा हात धरून त्याला खाली बसवलं आणि त्याचं बोट सांध्याच्या शेवटावर नेऊन टेकवलं.

“आठे टाका मांगे फिरस. लागना? हाऊ टाका मना हातना शे. सत्त्याण्णव सालले छत मी कापं. डावा आंगल मी टाका. उजवी बाजू करानी व्हती, ती मी तशीच सोडी दिधी. वरतून काळं मी फासं. पोरीसले बसाडशात हाईमा, त्या मरतीन.”

हे बोलताना नानांचा आवाज इतका बारीक झाला होता की शेवटचे शब्द जीवरामला ओठांवरून वाचावे लागले असतील. पण त्याचं हसू गेलं. हितेंद्र काहीतरी म्हणाला, म्हाताऱ्याचं डोकं ठिकाणावर नाही अशासारखं, आणि त्याच्याकडे कुणी बघितलं नाही. जीवराम उठून उजव्या बाजूला गेला. स्क्रूड्रायव्हरनं पाडलेल्या भोकात त्यानं वाकून स्वतःचं बोट घातलं, बाहेर काढलं आणि बोटावरचा गंज बघत उभा राहिला.

योगराज जवळ आला. त्याच्या मऊ आवाजात राग नव्हता, त्यामुळे ऐकायला जास्त जड गेलं.

“मले काहून नाई सांगितलं नाना? मुठीनं सांगितलं, तोंडानं नाई. मी रावेरले गेलो असतो अन् सगळ्यायले सांगितलं असतं, नानानं वाचवलं.”

खोड दाखवायचा आबांचा नियम त्यांना माहीत नव्हता असं थोडंच होतं. “भ्याव वाटनं,” ते म्हणाले. “तुन्हंच भ्याव वाटनं.”

योगराजनं मान खाली घातली आणि तो रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला.

दिपमालानं सासऱ्याला बाजूला घेऊन काही विचारलं, मग फोन घेऊन नानांसमोर आली.

“काका, आमच्याकडे बावीस तारखा याच गाडीच्या फोटोवर घेतल्यात. लोकांना सांगायला लागेल ना, गाडी का नाही ते. आणि हे शेठ उद्या दुसऱ्या बँडवाल्याला दाखवतील, आमचे ग्रुप आहेत खानदेशभर, तिथे टाकते मी. तुम्ही आत्ता बोललात ते इथे बोला. कोण, कुठले, तेही सांगा, नाहीतर कुणी खरं धरणार नाही.”

नानांनी फोनच्या त्या छोट्या काळ्या भिंगाकडे बघितलं. धुळ्यातले सगळे गॅरेजवाले त्या ग्रुपांत असणार होते. पिंपळनेरचे, साक्रीचे, ज्यांना ज्यांना त्यांनी गाडी घे म्हणून सांगितलं होतं ते सगळे आज रात्री आपापल्या गाडीखाली वाकून बघणार होते. किरण बघणार होता. धुरपदाबाईंना कुणीतरी दाखवणार होतं. त्यांनी गाडीच्या दाराला धरलं आणि बोलायला सुरुवात केली. टप, डावी बाजू, उजवी बाजू, काळा रंग, सगळं सांगितलं. शेवटी नाव सांगितलं. नेमका तेव्हा रस्त्यावरून केळीचा ट्रक हॉर्न वाजवत गेला.

दिपमालानं फोन कानाशी लावून ऐकलं.

“बाकी सगळं आलंय काका. फक्त नाव नीट आलं नाही. तेवढं परत सांगा.”

नानांनी ट्रक पुरता लांब जाऊ दिला. मग शाळेत उभं राहून सांगावं तसं, एकेक शब्द सुटा करून त्यांनी सांगितलं.

“मी अभिमन सुपडू बोरसे. राहणार धुळे, पारोळा रोड. अभिमन मोटार बॉडी माझंच आहे.”